कांटची खुर्ची, फिक्टेचं मूल, हेगेलचे साखळदंड: जर्मन चिद्वादात निवडीचं स्वातंत्र्य आणि शरीर कसं वाचावं

जर्मन चिद्वाद, म्हणजे कांटपासून हेगेलपर्यंतच्या जर्मन तत्त्वज्ञांची ‘आयडियालिझम’ची परंपरा, म्हटलं की आपल्याला आठवतात ते भारी शब्द: अहम्, निरपेक्ष तत्त्व, चैतन्य. एम. ए.च्या वर्गातही कांट, फिक्टे, शेलिंग, हेगेल असेच शिकवले जातात. शरीराचा विषय निघतच नाही. पण मूळ पुस्तकं उघडली की खुर्चीवरून उठणारा माणूस भेटतो, दुसऱ्याच्या तोंडात बसवायला विकलेला दात भेटतो, वाताने लाल झालेली पायाची बोटं भेटतात. इच्छास्वातंत्र्याबद्दल हे लोक खरोखर काय म्हणत होते ते याच जागी कळतं, असं माझं ठाम मत आहे. १७८१ ते १८३० या अर्धशतकात ‘मी निवडतो’ हा अनुभव आतून बाहेर सरकत गेला, आणि शेवटी प्रश्न असा झाला की माझी निवड दुसऱ्याला दिसते कुठे आणि ती मोडता येते कुठे. उत्तर एकच, शरीरात.

हा प्रवास स्वतः करता यावा म्हणून हा लेख. तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

पायरी १: तयारी

सगळी पुस्तकं पूर्ण वाचायच्या नादी लागू नका. निवडक उतारे, पण प्रत्येक उतारा सावकाश आणि किमान दोनदा, असं धोरण ठेवा. इंग्रजी अनुवाद कोणताही घ्या, फक्त त्यात मूळ आवृत्तीचे क्रमांक छापलेले हवेत. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’च्या समासात ‘ए’ आणि ‘बी’ असे आकडे असतात. ‘ए’ म्हणजे १७८१ची पहिली आवृत्ती, ‘बी’ म्हणजे १७८७ची दुसरी. त्याच्या बाकीच्या ग्रंथांना प्रशियन अकादमीच्या आवृत्तीचे खंड आणि पान दिलेलं असतं, उदाहरणार्थ ५:३०. फिक्टे आणि हेगेलचे इथे लागणारे ग्रंथ परिच्छेद-क्रमांकांनी चालतात. हे आकडे टिपायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. अनुवाद बदलला, पान बदललं तरी तुम्ही हरवणार नाही.

वहीत तीन प्रश्न वरच लिहून ठेवा आणि प्रत्येक उताऱ्याला तेच विचारा. निवड कोण करतंय? त्या निवडीत शरीराचं काम काय: अडथळा, साधन, की निवडीचंच दिसणारं रूप? आणि हे सगळं बघणारा दुसरा माणूस तिथे आहे का? तिसरा प्रश्न सुरुवातीला फालतू वाटेल. फिक्टेपाशी पोचलात की तोच मुख्य होईल.

पायरी २: कांट, खुर्चीपासून सुरुवात

‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मधला तिसरा विप्रतिषेध (अँटिनॉमी, म्हणजे दोन परस्परविरोधी विधानं आणि दोन्हींचे पुरावे) काढा. डावीकडे पक्ष: निसर्गाच्या कार्यकारणाखेरीज स्वातंत्र्याचंही कारणत्व मानावं लागतं. उजवीकडे प्रतिपक्ष: स्वातंत्र्य वगैरे काही नाही, सगळं निसर्गनियमानेच घडतं. दोन्हींचे पुरावे वाचा आणि मग ए ४५०/बी ४७८ वरचं खुर्चीचं उदाहरण बघा. मी आत्ता पूर्ण स्वतंत्रपणे, निसर्गातल्या कारणांनी भाग न पाडता, खुर्चीवरून उठलो, तर या घटनेने एक अगदी नवी मालिका सुरू होते, जरी काळाच्या हिशेबात ती आधीच्या मालिकेचाच पुढचा भाग असली.

इथे बरेच वाचक घसरतात. हे वाक्य पक्षाच्या टिप्पणीत आहे, कांटचा अंतिम निवाडा म्हणून आलेलं नाही. तो निवाडा पुढे आहे: एकाच कृतीकडे दोन बाजूंनी बघता येतं. अनुभवाच्या जगात माझं उठणं म्हणजे स्नायू, भूक, सवय, आधीच्या घटना यांचा परिणाम. त्याच कृतीचं कर्तृत्व मात्र माझ्या विवेकाकडे जातं, आणि विवेक काळाच्या साखळीतली कडी नव्हे. ए ५५४/बी ५८२ वरचं खोटं बोलणाऱ्या माणसाचं उदाहरण याला जोडून वाचा. त्याच्या खोटेपणाची मुळं आपण वाईट संगोपनात, वाईट संगतीत शोधतो, ती सापडतातही, आणि तरी दोष त्यालाच देतो.

आता तीन प्रश्न लावून बघा. निवड करणारा आहे. शरीर सगळंच्या सगळं निसर्गाच्या बाजूला पडलंय. बघणारा दुसरा माणूस नाही, किंवा आहे तो फक्त दोष द्यायला. पुढच्या सगळ्यांना कांटची हीच मांडणी टोचत राहिली.

पायरी ३: फाशीचा खांब, आणि एक गैरसमज

‘क्रिटिक ऑफ प्रॅक्टिकल रीझन’ (१७८८), ५:३०. एक माणूस म्हणतो, हवी ती व्यक्ती आणि संधी समोर आली की माझी वासना मला आवरतच नाही. कांट विचारतो: त्याच घरासमोर फाशीचा खांब उभा केला, वासना पुरी झाली की लगेच लटकवणार असं सांगितलं, तर आवरेल का? उत्तर काय येईल, ते सांगायला नको. मग दुसरा प्रश्न. एका सज्जन माणसाचा काटा काढायला राजा या वासनेची सबब सांगणाऱ्याकडून खोटी साक्ष मागतो, आणि नकार दिला तर तीच फाशी. तो नकार देईलच असं छातीठोकपणे तो सांगणार नाही, पण नकार देणं आपल्याला शक्य आहे हे त्याला मान्य करावंच लागेल. करायला हवं हे कळतं, म्हणून करता येईल हेही कळतं.

दोन्ही वेळी पणाला लागतो तो जीव. पहिल्या प्रसंगात एक ओढ दुसऱ्या ओढीवर मात करते, त्यात स्वातंत्र्याचा पुरावा नाही. दुसऱ्यात जगण्याची ओढच बाजूला ठेवायची शक्यता दिसते. हा फरक स्वतःच्या शब्दांत लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यावरून अनेक जण निष्कर्ष काढतात की कांटच्या मते शरीर वाईट. चूक. १७९३च्या धर्मविषयक ग्रंथात (६:५८) तो साफ म्हणतो की नैसर्गिक प्रवृत्ती मुळात चांगल्याच असतात. दुष्टपणा निवडीच्या क्रमात आहे, स्वहिताला नैतिक नियमाच्या वर बसवण्यात आहे. शरीरावर खापर फोडून सुटका नाही. आपल्याकडे देहाला षड्रिपूंचं घर मानायची सवय आहे. ती घेऊन कांट वाचू नये.

एक तांत्रिक गोष्ट इथेच उरकू. १७९२ साली कांटचा भाष्यकार राइनहोल्टने स्वातंत्र्याची व्याख्या ‘नैतिक नियमाच्या बाजूने किंवा विरुद्ध निवड करण्याची शक्ती’ अशी केली. कांटने १७९७च्या ‘मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स’मध्ये (६:२२६) ती नाकारली. अनुभवात माणूस दोन्हीकडे वळताना दिसतो हे त्याला मान्य आहे, पण त्यावरून स्वातंत्र्याची व्याख्या करायला तो तयार नाही. नियम घालून देणारी इच्छा वेगळी आणि प्रत्यक्ष हे की ते ठरवणारी निवडशक्ती वेगळी, हा भेद तिथे पक्का होतो.

पायरी ४: दात, केस आणि कांटची छाती

त्याच १७९७च्या ग्रंथात सद्गुणांच्या भागात परिच्छेद ६ आहे (६:४२३). स्वतःचा दात दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी देणं किंवा विकणं, गायक म्हणून सुखाने पोट भरता यावं म्हणून स्वतःला खच्ची करून घेणं, हे कांटच्या लेखी अंशतः आत्महत्या करणं आहे. हा हवेतला तर्क नव्हता. अठराव्या शतकात श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे दात खरोखर बसवले जात. सडलेला, जिवावर उठलेला अवयव कापून टाकायला मात्र कांटची ना नाही. केस कापणं हा स्वतःविरुद्ध गुन्हा नाही, पण विकण्यासाठी कापले तर अगदी निर्दोषही नाही.

हा उतारा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शरीर निसर्गाच्या बाजूला गप्प बसत नाही. ते ‘मी’च्या बाजूला येतं. दात माझी मालमत्ता नाही, कारण जो मी मालक व्हायचा तो मी त्या दातासकट आहे. पहिल्या क्रिटिकच्या चौकटीत हे नीट बसत नाही, आणि न बसणं वाचकाने टिपून ठेवावं.

जोडीला हलकं वाचन हवं असेल तर १७९८चा ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ द फॅकल्टीज’ घ्या. त्याचा तिसरा भाग डॉक्टर हूफेलांटला उद्देशून आहे आणि विषय आहे केवळ निश्चयाच्या बळावर आजाराच्या भावनांवर ताबा मिळवणं. कांट सांगतो की त्याची छाती सपाट आणि अरुंद, हृदय-फुप्फुसांना हालचालीला जागा कमी, म्हणून आजारपणाच्या चिंतेकडे उपजत कल. छातीतला दाब गेला नाही, पण त्याकडे लक्ष न देणं त्याला जमलं. रात्री वाताच्या दुखण्याने झोप येईना, तेव्हा त्याने ‘सिसेरो’सारखा एखादा तटस्थ विषय पकडून मन तिथे गुंतवलं आणि झोप लागली. सकाळी डाव्या पायाची बोटं लालभडक होती, म्हणजे दुखणं कल्पनेतलं नव्हतं. अंगावर त्याचा अधिकार चालत नाही. लक्ष कुठे द्यायचं एवढं मात्र त्याच्या हातात राहतं, आणि तेवढ्यावर तो काम करत राहतो.

पायरी ५: फिक्टे, इथे मुक्काम करा

निम्मा वेळ इथे द्या. फिक्टे (१७६२–१८१४) फीत विणणाऱ्याचा मुलगा, १७९४ला येना विद्यापीठात आला. आपल्याला हवा तो ग्रंथ ‘फाउंडेशन्स ऑफ नॅचरल राइट’ (१७९६–९७), आणि त्यातले पहिले सहा परिच्छेद.

परिच्छेद ३पासून सुरुवात करा. मी स्वतंत्र आहे हे मला कळतं कसं? एकट्याला कळूच शकत नाही, असं फिक्टे म्हणतो. कुणीतरी मला कृतीचं आवाहन करावं लागतं. आवाहन म्हणजे धक्का नव्हे. धक्का दिला तर मी हललो, त्यात माझं काही नाही. आवाहनाला मी हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, गप्पही बसू शकतो, आणि ते करणाऱ्याने मला तेवढी जागा आधीच देऊन ठेवलेली असते. लहान मुलाला वाढवणं हे या आवाहनाचंच रूप आहे. आई दोन पावलं मागे सरून हात पुढे करते आणि ‘ये’ म्हणते. मूल उचलून आणणं तिला सहज जमलं असतं, पण ती ते टाळते, आणि त्या टाळण्यात मुलाला पहिल्यांदा कळतं की यायचं की नाही हे आपल्यावर आहे. माणूस माणसांतच माणूस होतो, हे फिक्टेचं वाक्य याच परिच्छेदाच्या आसपास येतं.

मग परिच्छेद ५ आणि ६. माझं स्वातंत्र्य दुसऱ्यापर्यंत पोचायचं तर त्याला जगात जागा हवी, कुठेतरी ते संपायला हवं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायला हवं. माझ्या सगळ्या संभाव्य मुक्त कृतींचं जे क्षेत्र, तेच माझं शरीर. कांटने जे निसर्गाकडे टाकलं होतं ते फिक्टे स्वातंत्र्याची अट म्हणून परत आणतो. हे शरीर सांध्यासांध्यांचं हवं, एक भाग हलवताना दुसरा स्थिर ठेवता यावा. आणि ते ऐकू शकणारं हवं. समोरच्याचं बोलणं कळायचं तर मी ते आतल्या आत, स्वतःला आवरून, पुन्हा घडवतो. ऐकणं हीदेखील स्वातंत्र्याची कृती, कारण त्यात बाहेरची हालचाल रोखलेली असते.

परिच्छेद ६च्या शेवटी जोडलेली टिपणं वगळू नका, तिथे तर्काला रक्तमांस येतं. प्राणी जे आहेत ते जन्मतःच आहेत. माणूस मुळात काहीच नाही, जे व्हायचं ते त्याने स्वतः व्हायचं असतं. निसर्गाने बाकीची कामं पुरी केली आणि माणसावरून मात्र हात काढून घेतला. नवजात मूल इतकं असहाय की इतरांनी सांभाळलं नाही तर मानवजात कधीच संपली असती. फिक्टे तोंडाबद्दल लिहितो: खाण्यासारख्या सर्वांत स्वार्थी कामासाठी असलेला हा अवयव घडत घडत सगळ्या सामाजिक भावना व्यक्त करणारा होतो. म्हणून माणसाची आकृती माणसाला पवित्र वाटलीच पाहिजे, ती नुसती दिसली तरी. आधी ओळखपत्र, मग आदर, असा क्रम इथे नाही.

पुढे परिच्छेद ११ चाळा: शरीर अबाधित राहणं हा मूळ अधिकारांपैकी एक. आता त्याचं कारण तुमच्याकडे आहे. शरीराला हात लावला की त्या माणसाचं क्षेत्रच बळकावलं जातं.

आणि आता त्याच ग्रंथाच्या शेवटचं कुटुंबविषयक परिशिष्टही वाचा, न टाळता. तिथे हाच फिक्टे लिहितो की लग्नानंतर स्त्रीचं वेगळं जीवन उरत नाही, ते पतीच्या जीवनाचा भाग होतं. आवाहनाला नकार देता येतो हे शिकवणारा लेखक निम्म्या माणसांच्या नकाराची जागा पुसून टाकतो. कांटनेही १७८५ साली वंश ठरवताना त्वचेचा रंग निकष धरला, आणि हेगेलच्या ‘एन्सायक्लोपीडिया’त परिच्छेद ३९३ला मानववंशांची उतरंड येते. हा त्या काळाचा दोष म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण त्यांची स्वतःची तत्त्वं त्यांना याहून पुढे नेत होती. फिक्टेच्या परिच्छेद ६ने या तिघांनाही तपासा.

पायरी ६: शेलिंग, थोडक्यात

शेलिंगचा १८०९चा स्वातंत्र्यावरचा निबंध अवघड आहे आणि पहिल्या फेरीत पूर्ण समजला नाही तरी चालेल. दोनच जागा धरा. एक, स्वातंत्र्य म्हणजे चांगल्याची आणि वाईटाचीही क्षमता, आणि वाईट म्हणजे नुसता अभाव नव्हे. इथे तो रोगाचं उदाहरण देतो: अवयव संपूर्णासाठी जगायचं सोडून स्वतःपुरता जगू लागला की रोग होतो. त्याचं अस्तित्व खोटं, पण वेदना खरी. दुसरी, येशूचा शिष्य ज्यूडास याची जागा. त्याने येशूचा विश्वासघात केला हे तो स्वतः किंवा कुणीही बदलू शकत नव्हतं, आणि तरी त्याने तो राजीखुशीने, पूर्ण स्वातंत्र्याने केला. मूळ निवड काळाच्या बाहेर झालेली आहे. आपल्या वाचकाला लगेच पूर्वकर्म आठवेल. पण शेलिंगकडे मागचा जन्म नाही, म्हणून तो दुवा जपून जोडा. इथे रस वाटला तर टिळकांच्या ‘गीतारहस्या’तलं कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्याचं प्रकरण शेजारी ठेवून वाचता येईल. टिळकांना कांट चांगला ठाऊक होता.

पायरी ७: हेगेल, सवय आणि साखळदंड

हेगेलच्या दोन ग्रंथांतून मोजके परिच्छेद. आधी ‘फिलॉसॉफी ऑफ राइट’ (१८२०, मुखपृष्ठावर १८२१), परिच्छेद ५ ते ७ आणि १५. हवं ते करता येणं म्हणजे स्वातंत्र्य, ही समजूत हेगेलला विचाराच्या संस्काराचा पूर्ण अभाव वाटते. मनमानी निवडीत निवडणारा मी असलो तरी पर्याय बाहेरून आलेले असतात.

मग ‘एन्सायक्लोपीडिया’ (१८३०) परिच्छेद ४०९–४१०, सवय. कांटच्या खुर्चीतून उठलेला माणूस इथे उभा आहे, आणि हेगेल विचारतो की तो उभा कसा राहतो. माणूस उभा असतो कारण आणि जोवर त्याची तशी इच्छा असते, आणि ही इच्छा नकळत चालू असते तोवरच. उभं राहणं हा सवय झालेला संकल्प आहे. लिहायला शिकणाऱ्याला प्रत्येक वळणाकडे लक्ष द्यावं लागतं, हात बसला की लक्ष मोकळं होतं. म्हणजे स्वातंत्र्य शरीराशी झगडून मिळत नाही, ते शरीरात मुरवून मिळतं. रियाज करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सवय माणसाला जड आणि मृतही करते, हेही हेगेल लपवत नाही.

शेवटी ‘फिलॉसॉफी ऑफ राइट’ ४७ आणि ४८. जनावर स्वतःला अपंग करू शकत नाही, माणूस करू शकतो. माझं शरीर माझं आहे ते माझ्या इच्छेने. मी अंगातून मागे सरून आत जाऊ शकतो, साखळदंडांतही स्वतंत्र राहू शकतो. पण ही माझी इच्छा. दुसऱ्यासाठी मी माझ्या शरीरातच आहे. माझ्या शरीरावर झालेली हिंसा ही माझ्यावर झालेली हिंसा. शरीर छळलं तरी आत्मा अस्पर्श राहतो, म्हणून त्यात माणसाचा अपमान नाही, या युक्तिवादाला हेगेल शब्दच्छल ठरवतो. कैद्याने स्वतःला ‘मी आतून मुक्त आहे’ म्हणावं. तुरुंगाधिकाऱ्याला ते वाक्य उच्चारायचा अधिकार नाही. या संपूर्ण परंपरेत मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच.

पायरी ८: खऱ्या प्रश्नावर लावून बघा

वाचलेलं जिरलं का, हे कळायला एक जिवंत प्रश्न घ्या. मी मूत्रपिंडदानाचा घेते. भारतातला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. तो सुरुवातीला ज्या राज्यांना लागू झाला ती तीन: महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. अवयवाची विक्री गुन्हा आहे. जिवंत दाता जवळचा नातेवाईक नसेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते.

प्रत्येक तत्त्वज्ञाकडून एकेक परिच्छेद लिहा. कांटकडे दाताचा उतारा आहे. विक्रीला त्याचा नकार सरळ, पण तो दात फुकट देण्यालाही नाही म्हणतो. मग बहिणीने भावाला दिलेल्या मूत्रपिंडाचं काय? कांटच्याच कर्तव्याच्या कल्पनेतून, दुसऱ्याचा जीव वाचवण्याच्या बाजूने, त्याला उत्तर देता येतं का ते मांडा. फिक्टेकडून समितीच्या मुलाखतीकडे बघा: समोर बसलेल्या सुनेला विचारलेला प्रश्न हे आवाहन आहे की धक्का? घरच्यांसमोर विचारला आणि एकटीला विचारला, यात फरक पडतो का? नाही म्हणायची खरी जागा तिला होती का? फिक्टेचं परिशिष्ट आणि फिक्टेचाच परिच्छेद ३ इथे समोरासमोर उभे राहतात. हेगेलकडून विचारा: ‘ती मनाने तयार आहे’ हे वाक्य कोण बोलतंय, ती की इतर कुणी?

प्रत्येक उत्तरापुढे परिच्छेद-क्रमांक लिहा. क्रमांक सापडत नसेल तर ते मत त्या तत्त्वज्ञाचं नाही, तुमचं आहे. तेही लिहा, फक्त वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावाने.